पाळकांचा होकार

"कुठे काही बदल करायचाय?" चर्चच्या चिटणिसांनी विचारलं.

"हो," पाळक म्हणाले.

"की आहे तसंच छापू?"

"हो."

चिटणीस समाधानाने हसले. वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आल्यापासून पाळकांच्या तोंडात एवढा एकच शब्द उरला होता. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांना ऊठसूट 'नाही' म्हणून दटावलं, त्याच्या वाट्याला शेवटी 'हो' यावं! पाणी हवंय? हो. नकोय? हो. उजवी बाजू पार लाकूड झाली होती. डावा हात हलायचा, पण त्याने अक्षर उमटत नव्हतं. डोकं मात्र लख्ख होतं, आणि खरी शिक्षा तीच होती.

चिटणिसांच्या मांडीवर पाळकांच्या निवडक उपदेशांची कच्ची प्रत होती. संध्याकाळच्या आत ती छापखान्यात द्यायची होती. पाळकांनी डाव्या हाताचं बोट उघड्या पानावर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

"हा तर तुमचा सगळ्यात गाजलेला उपदेश!" चिटणीस म्हणाले आणि वाचू लागले. "'मग्दालीया मरीया ही गावातली बदफैली बाई होती...' काय धार होती हो तुमच्या जिभेला!"

पायथ्याशी बसून सून पाळकांच्या टाचांना तेल चोळत होती. तो उपदेश झाला तेव्हा ती तिसऱ्या बाकावर बसली होती. कामावरून उशिरा घरी येणारी सून. तिच्याबद्दल कंड्या पिकल्याच होत्या. ते वाक्य म्हणताना पाळकांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पाळक कुणाकडे पाहतात ते सगळ्यांनी पाहिलं. महिन्याभरात तिच्या नवऱ्याने दुसऱ्या गावी बदली घेतली, एकट्याने. त्याला आता अकरा वर्षं झाली. ती इथेच राहिली.

रोज दुपारी तीच पाळकांना शास्त्र वाचून दाखवायची. वर्षभरात येशूच्या चरित्राची चारही शुभवर्तमानं तीनदा वाचून झाली, पण ते वाक्य काही कुठे येईना. लूकच्या शुभवर्तमानात एक पापी बाई प्रभूचे पाय आसवांनी भिजवते, पण तिला नावच नाही. पान उलटलं की मरीया येते, जिच्यातली सात भुतं प्रभूने काढली ती. पान उलटता उलटता पाळकांनी दोघींची एक करून टाकली होती. खरी मरीया काय, तर पुरुष पळाले तेव्हा क्रुसापाशी थांबलेली. कबरेपाशीही तीच होती, आणि तिथून येऊन प्रभू जिवंत आहे असं तिने सांगितलं ते कुणी खरं मानलं नाही. मरण्याआधी ती ओळ पुसायची, एवढी एकच इच्छा पाळकांना उरली होती.

"बाबांना ती ओळ काढायची आहे," सून म्हणाली.

चिटणिसांनी चष्म्यावरून पाहिलं. "त्यांना, की तुम्हाला?"

तेलाचा हात थांबला. "शास्त्रात नाहीच आहे ती."

"वहिनी, चाळीस वर्षं इथे शास्त्र शिकवलं कुणी? तुम्ही?" मग चिटणिसांनाच आपला सूर खटकला असावा, कारण ते जरा नरमले. "वाईट वाटून घेऊ नका. शेवटी तिलाही क्षमा मिळालीच की."

"कशाची?" सुनेने विचारलं.

चिटणीस पाळकांकडे वाकले आणि बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाले, "पाळकसाहेब, ओळ राहू दे ना?"

'हो' घशाशी आला होता. पाळकांना तो जाणवला. त्यांनी जिवाच्या आकांताने डावा हात उचलला आणि स्वतःचे ओठ चिमटीत गच्च धरले. चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आतल्या आत गुदमरला. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच ते 'नाही' म्हणाले होते.

चिटणिसांनी प्रत पिशवीत घातली.

"थकलेत बिचारे. असू दे, मौन म्हणजे संमतीच," असं म्हणून ते उठले आणि मागे दार ओढून घेतलं. जिन्यावरची त्यांची पावलं बरीच खालपर्यंत ऐकू आली.

सुनेने पाळकांच्या ओठांवरचं एकेक बोट सोडवलं. "सोडा आता, बाबा. गेले ते." खालच्या ओठावर नखं रुतली होती. तिने रुमाल ओला करून ओठ टिपला, आणि अकरा वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारायला आज सुरुवात केली.

"खोटं होतं ना ते? तिच्याबद्दलचं?"

"हो."

"आणि माझ्याबद्दलचं?"

"हो."

याच एका शब्दासाठी ती थांबली होती. आणि तो मिळाला कुणाकडून, तर कशालाही हो म्हणणाऱ्या माणसाकडून! तिला आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही आवरून तिने तेलाच्या बाटलीला बूच लावलं.

"मग आता मी जाऊ? कायमची?"

"हो," पाळक म्हणाले, आणि डाव्या हाताने त्यांनी तिचं मनगट पकडलं. ते तेलकट होतं. निसटायचं, ते पुन्हा पकडायचे. "हो," ते म्हणत होते, "हो, हो."