नमुन्याचा नकाशा

एका संस्थेचे ऑनलाइन नकाशे दुसऱ्या संस्थेच्या खात्यात जसेच्या तसे उतरवणारा प्रोग्रॅम योगिनीच्या नवऱ्याने, सुशांतने लिहिला. आज तो तिच्याच ऑफिसात चालवला, तर सगळ्यात आधी उतरला त्याचा चाचणीसाठी केलेला नकाशा. नौपाड्यात एकच ठिपका आणि खाली ओळ: ‘योगिनी इथे पहिल्यांदा हसली.’ मोठ्या पडद्यावर! साहेबांसकट सगळे खो खो हसले.

तिने तणतणत नवऱ्याला फोन लावला. "अरे, लाज आहे का? आता जो कोणी प्रोग्रॅम घेईल, त्याच्याकडे हे जाणार!"

"सॉरी गं, टेस्टिंगचं काढायचं राहिलं. आत्ता उडवतो."

"उडवतो काय? ठिपका पलीकडच्या फुटपाथवर सरकव. मी रसवंतीपाशी हसलेले."