शुद्ध माती

अंटार्क्टिकावरच्या आमच्या संशोधन तळावर मी जनरेटर सांभाळतो. माती तपासायला आलेली रोसाउरा म्हणाली, "काका, जिथे कधीच कुणी जात नाही अशी जागा दाखवा. तिथल्या शुद्ध मातीशी तळावरची माती ताडून बघायची आहे."

मी ऐटीत तिला टेकडीमागच्या खडकापाशची माती दाखवली. जेवताना तळावरच्या पोरांना सुनावलंही, "डिझेलने बरबटलेले बूट घालून कुठेही हिंडता, लाज वाटू द्या जरा!"

आठवड्याने ती कागद नाचवत आली. "काका, तुमच्या शुद्ध मातीत जनरेटरच्या खोलीच्या दारातल्या मातीइतकंच डिझेल निघालं, वर येर्बा चहाचा चुराही! कोण मेला तिथे जातो ते शोधा. मी दोरी बांधून जागा बंद करते."

"शोधतो," म्हणत मी पाय हळूच बाकाखाली ओढले.


तिथे कुणीच जात नाही म्हणून तर, बायको ओफेलिया वारल्यापासून, मी मेला रोज काम सुटलं की याच बुटांनी तिथे जाऊन बसतो; येर्बाचा एक घोट मी पितो आणि तिच्या वाटचा मातीत ओततो.