मागचे गमबूट

संसार सावरावा म्हणून आम्ही दोघं त्या राखीव वर्षावनात गेलो. बाहेरचं बी आत जाऊ नये म्हणून आपले बूट फाटकावरच्या फळीवर काढून तिथले गमबूट घालायचे. तेवढ्यातही बायकोशी भांडलो आणि तरातरा पुढे निघालो.

मागून गमबुटांची पचपच येत राहिली. मीही हट्टाला पेटलेलो. तीन तास वळून पाहिलं नाही.

शेवटी ओढ्यापाशी पुटपुटलो, "चुकलं माझं." लग्नानंतर पहिल्यांदाच.

मागून खांद्यावर हात आला. लाजेने मी तरीही वळलो नाही. पायवाट गोल फिरून फाटकाशीच येत होती; तसेच परतलो.

फळीवर फक्त माझेच बूट होते.

"ताई गेल्या की," गमबूट घासता घासता, मान वर न करता पहारेकरी म्हणाला. "तुम्ही आत शिरलात, तेव्हाच. रडत होत्या."

खांद्यावरचा हात अजून तसाच होता.