धुळीचा एक कण

जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकांची बेअरिंगं सासऱ्यांनी रॉकेलमध्ये धुतली, स्वच्छ कापडावर वाळवली आणि जिवापाड जपत त्यांत नवं ग्रीस भरायला बसले. मी बाळाला कडेवर घेऊन जवळ गेले, तर खेकसले, "सूनबाई, लांब हो! धुळीचा एक कण आत गेला, तरी बेअरिंगचं वाटोळं होईल."

मी दचकून मागे सरले, तशी बाळाच्या तोंडातली चोखणी खाली पडली. खरवडून टाकलेल्या काळ्या ग्रीसमध्ये, मातीत. बाळाने भोकाड पसरलं.



मी वाकायच्या आत सासऱ्यांनी चोखणी उचलली, पँटला पुसली, बाळाच्या तोंडात कोंबली आणि म्हणाले, "एवढ्याशा मातीनं काय होतंय गं पोराला!"