चौथं नाव

सोसायटीची सहल थीम पार्कला जाणार होती. दोन वर्षांचा विघ्नेश दिवसभर काही चालायचा नाही, म्हणून त्याचे बाबा, हर्षवर्धन, गोखिवऱ्याला राहणाऱ्या बहिणीकडची बाबागाडी मागून आणायला निघाले होते.

"राहू दे ती गाडी, बसमध्ये कुठे ठेवायची?" विनिता म्हणाली आणि सासूबाईंकडे वळली. "आई, तुम्हीपण चला ना."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सून पहिल्यांदाच कुठे चला म्हणत होती. प्रेमलताबाईंनी ठेवणीतली मोरपंखी साडी काढली.

पार्कमध्ये नातू सकाळपासून त्यांच्याच कडेवर होता. पोरगा झोपला तेव्हा नेमकी मंडळी आकाशपाळण्याच्या रांगेत उभी होती. 'पुढच्या वर्षी बसेन,' असं म्हणत त्या खाली बाकावर त्याला थोपटत राहिल्या. घरी आल्यावर आठ दिवस कंबर धरली होती. पण उमेळ्याला माहेरी गेल्या की भेटेल त्याला सांगायच्या, "माझी सून मला सोडून कुठे जात नाही हो."

पुढच्या वर्षी सेक्रेटरी यतीन नावं लिहून घ्यायला दारात आला. मोरपंखी साडी आदल्याच दिवशी इस्त्री होऊन आली होती. प्रेमलताबाई हात पुसत बाहेर आल्या.

"गेल्या वेळेसारखे चौघं ना, वहिनी?"

"नाही, तिघंच लिहा," विनिता म्हणाली. "विघ्नेश आता दिवसभर चालतो."