हिरवा दिवा

राजदीपने टेम्पोचे फिरते घर केले, त्यात एसी बसवला आणि गावोगावच्या विजेचा भरवसा नसल्याने एक संरक्षक डबा जोडला. विजेचा दाब कमी-अधिक असला की डबा तांबडा दिवा लावून ती नाकारीत असे. मे महिन्यातील एका दुपारी त्याने पुसदला सासऱ्यांच्या घरातून वायर ओढली. दिवा तांबडा लागला.

"काय म्हन्ते तुमचा डब्बा?" सासरे उकंडाराव यांनी विचारले.

"व्होल्टेज कमी हाय, मामाजी. घेत नाही."

"घेत नाही? जवाईबापू, आमची उर्वशी याच लायनीवर लहानाची मोठी झाली. लग्नात तं तुम्ही काही तपासलं नाही."

थेट जोडावे तर एसी जळणार. न जोडावे तर सासरची वीज नाकारल्याचा बोभाटा होणार.

उकंडारावांनी घरातील कूलर, फ्रिज, पंखे बंद केले. दिवा तांबडाच. मग त्यांनी गल्लीतील प्रत्येक दार ठोठावून घराण्याच्या इज्जतीखातर कूलर थांबवण्याची विनंती केली. शेवटचा कूलर थांबला आणि दिवा हिरवा झाला.

बिनकूलरच्या घरात बसवेना, म्हणून सारी गल्ली फिरत्या घरात शिरली. राजदीपलाच तेवढी जागा उरली नाही. सासऱ्यांच्या बैठकीत घामाघूम होऊन त्याने पंख्याच्या बटणाकडे हात नेला, तोच टेम्पोच्या खिडकीतून उकंडाराव म्हणाले,

"त्याले हात नका लावू, जवाईबापू. डब्बा पुन्हा नाही म्हनन."