हमखास नोकरी

विद्यापीठाच्या, औषध कारखान्यांसाठी कामगार घडवणाऱ्या अभ्यासक्रमाच्या प्रयोगशाळेत गोळ्या बनवायचं मशीन वर्षभर प्लास्टिकखाली झाकलेलं होतं. "सर, एकदा चालवून बघू?" एका विद्यार्थिनीने विचारलं, तर विभागप्रमुख खेकसले, "बिघडलं तर पाहुण्यांना काय दाखवू, तुझं तोंड?"

परीक्षेत ती पहिली आली. पण कारखान्यातल्या मुलाखतीत साहेबांनी मशीन चालू करायला सांगितलं, तेव्हा तिला बटणही सापडेना. "वर्षभर काय माश्या मारल्यास?" साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढच्या उमेदवाराला हाक मारली.

ती रडतच विभागप्रमुखांकडे गेली.

"अगं, रडतेस कशाला? सोमवारपासून नव्या बॅचला शिकवायला ये. सगळ्यांना नोकरी लागली, असं आम्ही जाहीरही करून टाकलंय!"